लहान मुलांचे लेखन : शाळेत आणि घरी

मूल दुसरी-तिसरीत जाते, हिंदी झरझर लिहू लागते. पण आजीला मराठीत चार ओळी लिहावयास सांगितल्या की पेन्सिल चावीत बसते. धार व देवास येथील मराठी घरांतून ही तक्रार नेहमी कानी येते. घरात उर्दू, बाजारात माळवी व शेजारी मराठी ऐकत वाढलेल्या आमच्यासारख्या शिक्षकांस तिचे नवल वाटत नाही. पवारांचे धार आणि देवासच्या थोरली व धाकटी या दोन्ही पाती 1948 साली मध्य भारतात विलीन झाल्या. 1956 पासून हा मुलूख मध्य प्रदेशात आहे. शाळेत हिंदी आली, मराठी घरापुरती उरली. जी भाषा हातात उतरत नाही, ती पुढे तोंडातूनही जाते. म्हणून लेखन कसे शिकवावे, याचा येथे थोडा विचार करू.

पहिली गोष्ट हाताची. पाच-सहा वर्षांच्या मुलाची बोटे अजून कोवळी असतात. रांगोळी काढणे, माती मळणे, वाळूत बोटाने रेघा ओढणे, पाटीवर मोठी अक्षरे गिरविणे, एवढे झाल्यावरच वही द्यावी.

दुसरी गोष्ट अक्षरांच्या क्रमाची. वर्णमाला उच्चारस्थानांप्रमाणे रचलेली आहे. परमारकालीन सर्पबंध शिलालेखांत ती नागाच्या वेटोळ्यांत कोरलेली आढळते. असे लेख धार, उज्जैन व ऊन येथे आहेत. पाठांतरास हा क्रम उत्तम. हातास मात्र वळणाचा क्रम सोपा जातो. म्हणून आपल्याकडे ‘ग म भ न’ आधी शिकवीत. ही चार अक्षरे येताच मन, नभ, गगन, गमन हे शब्द मुलास लिहिता येतात व त्याचा हुरूप वाढतो. पुढे व, ब, क. मग ट, ठ, ढ.

तिसरी गोष्ट मजकुराची. फळ्यावरचे उतरविल्याने अक्षर सुधारते, पण लिहिता येत नाही. मुलास आधी बोलू द्यावे. देवीच्या टेकडीवर काय पाहिले, डब्यात काय होते, हे ते सांगेल. त्याचेच एक वाक्य त्याच्यासमोर लिहावे व दुसरे त्याला लिहू द्यावे.

चौथी गोष्ट चुकांची, आणि आमच्या मते हीच सर्वांत महत्त्वाची. मूल ‘आई ला’ असे तोडून लिहिते, कारण हिंदीत ‘माँ को’ असेच लिहितात. मराठीत प्रत्यय शब्दाला जोडतात. ते ‘बाळ’ऐवजी ‘बाल’ लिहिते, कारण हिंदीच्या पुस्तकात ळ त्याला भेटत नाही. हिंदीत ‘कवि’, ‘गुरु’. मराठीत 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांप्रमाणे ‘कवी’, ‘गुरू’. म्हणजे मूल शिकलेला नियमच पाळीत असते, तो फक्त शेजारच्या भाषेचा असतो. अशा मुलास ‘तुला मराठी येत नाही’ म्हणणे हा अन्याय होय. दोन्ही शब्द शेजारी लिहून फरक दाखवावा. एका वेळी एकच चूक घ्यावी. सारे पान तांबड्या शाईने भरल्यास मूल लिहिणेच टाकते.

पालकांनी रोज दहा मिनिटे द्यावीत. वाणसामानाची यादी, मामाला पत्र, सणाचे निमंत्रण अशी खरी कामे मुलांकडून मराठीत लिहवून घ्यावीत. न्यासाने आठवड्यातून एक तास जागा व एक फळा दिला, तर शिकविणारे हात पुष्कळ मिळतील. या महोत्सवाच्या निमित्ताने एवढे घडावे, ही आमची इच्छा.