कोयता घेताना पोलाद ओळखा

दिवाळी सरली की ऊसपट्ट्यात बैलगाड्यांची आणि ट्रॅक्टरची वर्दळ सुरू होते. बीड, अहिल्यानगर या भागांतून तोडणीला येणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला मुकादमाच्या वहीत ‘एक कोयता’ असेच म्हणतात. माणसांची मोजदाद ज्या हत्याराच्या नावाने होते, ते हत्यार बाजारात घेताना आपण मात्र चकाकी पाहतो, मूठ पाहतो आणि किंमत पाहतो. पाते कोणत्या लोखंडाचे आहे याची चौकशी क्वचितच कोणी करतो.

ही चूक महागात पडते. धार टिकत नसेल तर एका उसाला दोन-दोन घाव घालावे लागतात. दिवसभरात असे शेकडो घाव वाढले की खांदा आणि मनगट भरून येते, आणि मोळ्या मात्र कमीच पडतात. शेतमालकाचेही नुकसान होते. बोथट कोयत्याने बुडखा चिरफळतो, ऊस जमिनीलगत तुटत नाही. साखर जास्त असलेला बुडाचा भाग रानातच राहतो आणि खोडव्याचा फुटवा नीट येत नाही. म्हणून कोयत्याचे पोलाद हा तोडणाऱ्याच्या आणि मालकाच्या, दोघांच्याही हिताचा प्रश्न आहे.

कानशीचा कोयता

मी स्वतः हा धडा ठेच लागूनच शिकलो. घरात एक मोठी जुनी कानस पडून होती. कानशीसारखे कडक पोलाद दुसरे नाही, तेव्हा तिचा कोयता केला तर धार वर्षभर हटणार नाही, असा माझा हिशोब. एका भट्टीवर तसा कोयता करून घेतला. धार खरोखरच वस्तऱ्यासारखी आली. पण आठवड्याच्या आत, बांधावरची वाळलेली बाभळीची फांदी तोडताना काडकन आवाज झाला आणि पात्याचा बोटभर तुकडा उडाला. फाटी गोळा करणाऱ्या वहिनींच्या कानाजवळून तो गेला. थोडक्यात निभावले.

तुटका कोयता घेऊन मी गावच्या लोहारमामांकडे गेलो. त्यांनी तुटलेली कड उन्हात धरून पाहिली. आतला कण साखरेच्या दाण्यासारखा जाड दिसत होता.

“भट्टीत लई तापवलंय हे,” मामा म्हणाले. “आन् कानस घासायला केलेली असती बाबा, घाव सोसायला न्हाई. कोयता कडक पाहिजे, पन मोडता कामा नये.”

सगळी मेख या शेवटच्या वाक्यात आहे.

लोखंडातला कार्बन

पोलाद म्हणजे लोखंडात थोडासा कार्बन मिसळलेला. हा कार्बन टक्क्याच्याही अंशात असतो, पण सारा फरक तोच पाडतो. बांधकामाच्या सळईत किंवा साध्या पट्टीत तो साधारण ०.२ टक्के असतो. असे लोखंड नरम. त्याला कितीही पाणी दिले तरी ते धारेला पुरेल इतके कडक होत नाही. दोन उसांतच धार वळते. कानशीत कार्बन १ टक्क्याच्या वर असतो. ती अतिशय कडक होते, पण तितकीच ठिसूळही.

मोठ्या कोयत्याला यांच्या मधले पोलाद लागते. ट्रकच्या किंवा जीपच्या कमानपाट्यात कार्बन साधारण ०.५ ते ०.६ टक्के असतो, शिवाय सिलिकॉन किंवा क्रोमियमही मिसळलेले असते. खड्ड्याखड्ड्यांतून लाखो हिसके खाऊन वाकायचे आणि पुन्हा सरळ व्हायचे, हेच पाट्याचे काम. कोयत्यालाही हिसकेच सोसायचे असतात. म्हणून जाणते लोहार भंगारातला पाटाच शोधतात.

चकचकीत, न गंजणाऱ्या स्टीलचे काय? घरात भाजी चिरायला त्याची सुरी उत्तम. पण त्यात निदान १०.५ टक्के क्रोमियम असते, आणि धारेच्या जातीचे असले तरी ते कडक करायला सुमारे १,००० अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त, नेमकी मोजलेली उष्णता लागते. गावच्या भात्यावर ते साधत नाही. ताटा-वाट्यांच्या जातीचे स्टील तर पाणी देऊन कडक होतच नाही. कोयता गंजतो म्हणून त्याला नावे ठेवू नका. गंज तेलाच्या बोटाने थांबतो, नरम पाते मात्र कशानेच सुधारत नाही.

पाटा निवडताना

जुना पाटा घ्यायचा तर घासून स्वच्छ करून बारकाईने पाहावा. बोल्टच्या भोकाजवळ आणि कडेला केसासारखी भेग दिसली तर तो तुकडा टाकून द्यावा. भेग ठोकून मिटत नाही. ती आत दडते आणि घावाच्या वेळी बाहेर येते. ओळख पटत नसेल तर सहाणेच्या यंत्रावर कड टेकवून ठिणग्या पाहाव्यात. नरम लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ आणि कमी फुटणाऱ्या असतात; कार्बन वाढेल तशा त्या फुलबाजीसारख्या फुटतात. शेजारी एक सळई आणि एक कानस टेकवून पाहिली की फरक लगेच कळतो.

जस्ताचा मुलामा असलेले लोखंड भट्टीत घालू नये. त्याचा पांढरा धूर छातीला बाधतो. रेल्वेच्या रुळाचा तुकडा कोणी स्वस्तात दिला तरी घेऊ नये. रेल्वेचा माल बेकायदा बाळगणे हा १९६६ च्या कायद्याने गुन्हा आहे.

अर्धे पोलाद भट्टीत, अर्धे पाण्यात

चांगला पाटा आणला म्हणजे काम संपले नाही. पाणी चुकले तर पाट्याचाही कोयता फुकट जातो. लोहाराकडे बसला असाल तर या तीन गोष्टींकडे लक्ष द्या.

पहिली, ताव. पोलाद तापत तापत सुमारे ७७० अंशांवर गेले की त्याला लोहचुंबक चिकटत नाही. त्याच्या थोडे पुढे नेऊन लगेच विझवायचे असते. भर उन्हात तापलेल्या लोखंडाचा लाल रंग फिका दिसतो आणि ताव जास्त होतो. म्हणून हे काम सावलीत करावे. पात्यातून ठिणग्या उडू लागल्या तर ते जळले समजावे.

दुसरी, विझवणे. आपण ‘पाणी देणे’ म्हणतो, पण पाट्याचे पोलाद थंड पाण्यात बुडवले तर तडकू शकते. त्याला कोमट तेल बरे. तेल पेट घेते, तेव्हा मुले दूर असावीत आणि झाकण हाताशी असावे.

तिसरी, उतार देणे. विझवलेले पाते काचेसारखे ठिसूळ असते. ते घासून चकचकीत करायचे आणि पाठीच्या बाजूने हळूहळू तापवायचे. आधी पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा असे रंग धारेकडे सरकत येतात. धारेवर जांभळा रंग येऊन निळसर होऊ लागला, म्हणजे अंदाजे २७० ते ३०० अंश, की थांबावे. पाठ त्याहून नरम राहते, आणि तीच घावाचा हिसका सोसते. घाईत हीच पायरी गाळली जाते आणि कोयते मोडतात.

तयार कोयता पारखताना

बाजारात तयार कोयता घेताना एक लहान कानस खिशात ठेवा आणि दुकानदाराला विचारून धारेच्या टोकाशी हलकेच घासून पाहा. कानस लोण्यात शिरल्यासारखी चावली तर पाते नरम. काचेवरून घसरावी तशी घसरली तर फार कडक. थोडी चावते, थोडी घसरते, तो कोयता ठीक.

घरी आणल्यावर, जवळ कोणी नाही असे पाहून, वाळक्या फांदीवर पाच-सहा घाव घालावेत आणि धार उजेडात धरावी. धार वळली असेल तर पाते नरम आहे. पुन्हा तापवून नीट विझवले आणि उतार दिला तर कदाचित सुधारेल, पण पातेच सळईचे असेल तर नाही. धारेचे कण उडाले असतील तर उतार कमी पडला आहे. लोहाराकडून पुन्हा देऊन घ्यावा.

वजनही पाहावे. घरधन्याच्या हाताला बसलेला कोयता घरधनिणीच्या हाताला जड पडतो. दोघे तोडणार असतील तर दोघांनी आपापल्या हाताने उचलून निवडावा.

निगा

विजेच्या सहाणेवर धार लावताना पाते निळे पडू देऊ नका. तसा डाग पडला की त्या जागेचा कडकपणा गेला. क्षणभर टेकवावे, पाण्यात बुडवावे, पुन्हा टेकवावे. रोजच्या धारेला दगडी सहाणच बरी. उसाचा रस आंबट असतो, तो पात्यावर वाळला की गंज चढतो. संध्याकाळी पाते धुऊन, पुसून तेलाचे बोट फिरवावे. मूठ हलू लागली तर त्याच दिवशी पक्की करावी, आणि कोयता मुलांच्या हाती लागणार नाही असा उंच ठेवावा.

मामांनी पुढे मला पाट्याचा कोयता करून दिला. त्याला कानशीच्या कोयत्यासारखी वस्तऱ्याची धार नाही, अधूनमधून सहाणेवर न्यावा लागतो. पण तो अजून मोडला नाही, आणि वहिनी आता मी फांदी तोडत असताना निर्धास्तपणे फाटी गोळा करतात.