तीन फिनांची फळी

सिडनीच्या उत्तरेला समुद्राच्या काठाने वर जाऊ लागलं की एकामागून एक किनारे लागतात: मॅन्ली, फ्रेशवॉटर, डी व्हाय, नॅराबीन. १९८० च्या ऑक्टोबरात नॅराबीनला सायमन अँडरसनने फ्रँक विल्यम्स या सर्फरच्या बोर्डाचा तळ पाहिला. कडेला दोन फिन (माशाच्या परांसारखी उभी पाती) होते आणि शेपटापाशी मधोमध एक छोटासा, अर्धचंद्राच्या आकाराचा तिसरा. अँडरसन स्पर्धांत उतरणारा सर्फर होता आणि स्वतःचे बोर्ड स्वतः घडवणारा कारागीरही. त्याने तो विचार पुढे नेला, तिन्ही फिन जवळजवळ एका मापाचे केले आणि नवा बोर्ड तयार केला. त्याचं नाव थ्रस्टर. त्यानंतर फोम बदलला, रेझिन बदललं, बोर्ड घडवायची यंत्रं आली. पण आजही जगातल्या कुठल्याही सर्फच्या दुकानात भिंतीला टेकवलेल्या छोट्या बोर्डांपैकी बहुतेकांच्या तळाला तेच तीन फिन दिसतात. खेळाच्या साहित्यात एवढीशी भर घालून एवढा मोठा फरक पडल्याचं दुसरं उदाहरण माझ्या तरी पाहण्यात नाही.

हा फरक कळायचा तर आधी लाटेवर काय घडतं ते पाहायला हवं. खोल समुद्रातली लाट पाणी वाहून आणत नाही. पाणी जागच्या जागी वर्तुळात फिरतं, पुढे सरकते ती ऊर्जा. तळ उथळ झाला की लाट उभी राहते आणि तिच्या पुढच्या अंगावरचं पाणी माथ्याकडे चढू लागतं. सर्फर या चढत्या पाण्यावरून सतत खाली घसरत असतो. बोर्डाला इंजिन नाही, शीड नाही. वेग मिळतो तो उतारातून. हातांनी वल्हवताना बोर्ड नुसता तरंगत असतो. वेग वाढला की तळावर आदळणारं पाणीच त्याला वर उचलून धरतं. तळ्यात चपटा दगड भिरकावून भाकऱ्या काढतो तेव्हा दगड बुडत नाही, त्याचं कारण हेच.

बोर्डाच्या आकाराची सगळी ओढाताण इथून सुरू होते. सपाट, रुंद तळ लवकर उचलला जातो आणि जोरात पळतो. पण लाटेचं अंग सपाट नसतं, आत वळलेलं असतं. सपाट बोर्ड त्यावरून उतरताना नाक पाण्यात खुपसतो आणि सर्फर पुढे फेकला जातो. म्हणून नाक वर उचललेलं ठेवावं लागतं, शेपूटही थोडंसं. या बाकाला सर्फर रॉकर म्हणतात. रॉकर वाढवला की बोर्ड चटकन वळतो, उभ्या लाटेत नीट बसतो. पण पाणी ढकलत राहिल्यामुळे मंदावतो. कडांचीही तीच गोष्ट. गोल, मऊ कडेला पाणी चिकटून वर चढतं आणि बोर्ड लाटेला धरून राहतो. धारदार कडेवरून पाणी सुटतं आणि बोर्ड मोकळा धावतो. म्हणून चांगल्या बोर्डाची कड सगळीकडे सारखी नसते: मधे गोलसर, शेपटाकडे येता येता खालच्या बाजूने धारदार. निमुळतं शेपूट मोठ्या लाटेत रुतून राहतं; रुंद, चौकोनी शेपूट लहान लाटेवर उचलून देतं आणि झटक्यात वळू देतं. अर्ध्या इंचाचा फरकही पायांना कळतो.

हवाईच्या जुन्या कारागिरांनी हे सगळं फिनांशिवाय साधलं होतं. त्यांचे अलाया बोर्ड पातळ असत, कोआ किंवा नीरफणसाच्या लाकडाचे. सरदार घराण्यांचे ओलो बोर्ड लांबलचक आणि जाड, हलक्या विलिविली लाकडाचे. विलिविली म्हणजे आपल्या पांगाऱ्याच्या कुळातलं झाड. होनोलुलूच्या बिशप म्युझियममध्ये असे जुने बोर्ड जपून ठेवले आहेत. १९१४-१५ च्या उन्हाळ्यात ऑलिंपिक विजेता हवाईयन जलतरणपटू ड्यूक कहानामोकू सिडनीला आला, तेव्हा त्याने फ्रेशवॉटरला पाइनच्या फळीतून एक बोर्ड घडवला आणि ऑस्ट्रेलियन लोकांना लाटेवर उभं राहून दाखवलं. तो बोर्ड अजूनही फ्रेशवॉटरच्या सर्फ क्लबात आहे. तळ कोरा, एकही फिन नाही.

अशा कोऱ्या तळाची मर्यादा उभ्या लाटेत उघडी पडते. बोर्ड तिरपा धरला की शेपूट सुटतं, बाजूला घसरतं आणि सगळंच हातचं जातं. १९३७ मध्ये होनोलुलूच्या जॉन केली, वॉली फ्रॉइसेथ आणि फ्रॅन हीथ या तरुणांनी यावर कुऱ्हाडीने उपाय केला. लाटांनी दिवसभर घसरवून बेजार केल्यावर त्यांनी एका बोर्डाचं शेपूट तासून अरुंद केलं आणि खालून त्याला होडीच्या तळासारखी धार आणली. शेपूट लाटेत रुतू लागलं. त्याच सुमारास, १९३५ मध्ये, सर्फर टॉम ब्लेकने एका टाकून दिलेल्या स्पीडबोटीचा धातूचा कणा काढून आपल्या बोर्डाच्या शेपटाखाली बसवला. हा पहिला फिन. लोकांना त्याचं महत्त्व पटायला मात्र बरीच वर्षं लागली.

पुढचा इतिहास झपाट्याचा आहे. कॅलिफोर्नियात बॉब सिमन्स या गणिती डोक्याच्या माणसाने वेगवान बोटींच्या तळांचा अभ्यास बोर्डाला लावला आणि फायबरग्लास आणलं. १९५८ च्या सुमारास होबी ऑल्टर आणि गॉर्डन क्लार्क यांनी पॉलियुरेथेन फोम आणला आणि जड लाकूड मागे पडलं. १९६६ मध्ये सॅन दिएगोच्या जागतिक स्पर्धेत ऑस्ट्रेलियाच्या नॅट यंगने जॉर्ज ग्रीनोच्या कल्पनेतला लवचीक फिन लावलेल्या, त्या काळच्या मानाने पातळ बोर्डावर विजय मिळवला. त्यानंतर दोन-तीन वर्षांत नऊ फुटांचे बोर्ड सात फुटांच्या खाली आले.

बोर्ड आखूड झाला आणि एकाच फिनाचा प्रश्न डोकं वर काढू लागला. एकटा मधला फिन स्थिर असतो, पण बोर्ड कडेवर कलला की तो पाण्याबाहेर येऊ लागतो आणि नेमका वळणाच्या क्षणी आधार सुटतो. न्यूकॅसलच्या मार्क रिचर्ड्झने याला दोन फिनांचं उत्तर दिलं: प्रत्येक कडेजवळ एक. कुठल्याही बाजूला कला, एक फिन पाण्यात खोल असणारच. रुंद शेपटाचा हा बोर्ड लहान लाटांवर विलक्षण पळे आणि वळे. १९७९ ते १९८२ अशी सलग चार वर्षं रिचर्ड्झ जगज्जेता होता. पण मोठ्या, दणकट लाटेत मध्यभागी धरून ठेवणारं काहीच नसल्यामुळे हा बोर्ड थरथरे, निसटे. हलक्या अंगाच्या, चपळ माणसाला ते निभावता येई. अँडरसन सहा फुटांहून उंच, भरदार बांध्याचा. त्याच्या वजनाखाली दोन फिनांचा बोर्ड जागेवर राहीना, आणि एका फिनावर लहान लाटेत तो मागे पडे. थ्रस्टर निघाला तो या अडचणीतून.

त्याची रचना जवळून पाहण्यासारखी आहे. बाजूचे दोन फिन शेपटाच्या टोकापासून साधारण ११ इंच पुढे, कडांजवळ. मधला टोकापासून साडेतीन इंचांच्या आसपास. बाजूचे फिन सरळ रेषेत नसतात: त्यांची पुढची टोकं किंचित आत, नाकाच्या दिशेने वळवलेली असतात, पाव इंचाच्या आसपास, आणि ते थोडे बाहेर कललेले असतात. त्यांची आतली बाजू सपाट, बाहेरची फुगीर. मधला फिन दोन्ही बाजूंनी सारखा आणि सरळ. लाटेच्या अंगावरून वर चढणारं पाणी तिरक्या बसवलेल्या फिनावर येऊन आदळतं, तेव्हा त्याच्या दाबाचा एक भाग बोर्डाला पुढे ढकलतो. सर्फर गुडघे वाकवून, सरळ करून वर-खाली होत वेग वाढवताना दिसतो, तो या दाबाचा उपयोग करत असतो. वळताना आतल्या कडेचा फिन आणि मधला फिन मिळून काम करतात: पहिला जोर देतो, दुसरा शेपूट सुटू देत नाही. दोन फिनांचा जोर आणि एका फिनाची पकड एकाच तळावर आली.

पहिली मोठी परीक्षा १९८१ च्या ईस्टरला व्हिक्टोरियातल्या बेल्स बीचवर झाली. त्या शनिवारी दक्षिणेकडून आलेल्या उसळीने लाटा १५ फुटांच्या घरात गेल्या. बेल्सला अशी लाट क्वचितच येते. इतर सर्फर जीव मुठीत धरून सरळ खाली उतरत होते, तिथे अँडरसन तळाशी पोचून पूर्ण जोराने वळत होता आणि पुन्हा लाटेच्या माथ्याकडे जात होता. स्पर्धा त्याने जिंकली. त्याच वर्षी त्याने सिडनीची स्पर्धा जिंकली आणि डिसेंबरात हवाईला पाइपलाइनची स्पर्धाही. लहान लाट, दणकट लाट आणि जगातली सर्वांत धोकादायक मानली जाणारी पोकळ लाट, तिन्हींवर एकच मांडणी चालली. रिचर्ड्झनंतर मोठ्या स्पर्धांमध्ये दोन फिन मागे पडले आणि तीन फिन हाच नियम झाला.

असा बोर्ड जिथे घडतो ती खोली पाहिली तर कारागिरीचा मोठेपणा पटतो. शेपरची, म्हणजे बोर्ड घडवणाऱ्याची, खोली लहान, भिंती गडद रंगाच्या. ट्यूबलाइट छताला नसते. दोन्ही भिंतींवर, फोमच्या लादीच्या उंचीला आडवी लावलेली असते. वरून प्रकाश पडला तर पृष्ठभाग गुळगुळीतच दिसतो. बाजूने पडला की एक मिलिमीटरचा उंचवटाही सावली टाकतो. मधोमध लाकडाची पट्टी असलेली फोमची लादी स्टँडवर ठेवून शेपर आधी बाह्यरेखा कापतो, मग विजेच्या रंध्याने जाडी उतरवतो. रंधा एका दमात नाकापासून शेपटापर्यंत न्यायचा, मधे थांबला तर खड्डा पडतो. मग हातरंधा, मग जाळीचा सँडपेपर, आणि शेवटी डोळे मिटून कडेवरून तळहात फिरवायचा. डोळ्यांना न दिसलेली चूक हाताला लागते. पांढरी धूळ केसांत, भुवयांवर, मास्कवर. त्यानंतर फायबरग्लासचं कापड, रेझिन, फिन, घासकाम. २००५ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या बहुतेक शेपरांना फोम पुरवणारा क्लार्कचा कारखाना एका दिवसात बंद झाला आणि धंदा हादरला. त्यानंतर दुसरे फोम आणि इपॉक्सी रेझिन झपाट्याने पुढे आले. आता पहिलं कापकाम बऱ्याच ठिकाणी संगणकावर चालणारं यंत्र करतं आणि बोर्डाचं आकारमान लिटरमध्ये लिहिलेलं असतं. शेवटचा हात मात्र माणसाचाच फिरतो, आणि तो फिरावा असं मला मनापासून वाटतं.

अँडरसनने या रचनेचं पेटंट घेतलं नाही. त्याने ते घेतलं असतं तर प्रत्येक शेपरला त्याच्याकडे पैसे भरावे लागले असते; तसं झालं नाही, म्हणून सिडनीपासून ब्राझीलपर्यंत प्रत्येकाने आपल्या लाटेप्रमाणे फिन थोडे पुढे, थोडे मागे, थोडे तिरके करून पाहिले. आपल्याआधीही तीन फिनांचे प्रयोग झाले होते हे तो जाणत होता. कॅलिफोर्नियातल्या कॅम्पबेल भावांचा बाँझर बोर्ड सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचाच. विल्यम्सच्या बोर्डावरून सुचलं, हेही त्याने कधी लपवलं नाही. माझ्या मते सर्फिंगच्या इतिहासात त्याच्याइतकं देऊन इतकं कमी घेतलेला माणूस नाही.

गोव्यात अश्वे, मोरजी, हरमलच्या किनाऱ्यांवर आणि कर्नाटकात मुळकीला आता सर्फिंग शिकवतात. मराठी मुलं-मुली तिथे जातात, फोटो पाहून आलेली असतात आणि पहिल्याच दिवशी सहा फुटी, टोकदार, पातळ बोर्ड मागतात. तो मागू नका. तो बोर्ड वेगावर उचलला जातो, आणि शिकाऊ माणसाला तो वेगच मिळवता येत नसतो. आपल्या किनाऱ्यांवरच्या बहुतेक लाटा आखूड आणि मऊ असतात. त्यांवर आठ-नऊ फुटांचा, रुंद, जाड, मऊ फोमचा बोर्डच तुम्हाला उभं करील. त्याच्या शेपटाखालीही बहुधा तीन फिनच असतील. पायाला लीश, म्हणजे बोर्डाची दोरी, बांधा, प्रशिक्षक सांगेल तिथेच उतरा, आणि पावसाळ्यात कोकणच्या समुद्रात बोर्ड घेऊन जाऊ नका.