मेल उघडेना? आधी एरर वाचा की राव!

कॉलेजात मेल म्हणजे मोबाइलवरचं जीमेल. पहिली नोकरी लागते आणि ऑफिसच्या पीसीवर भेटतं आऊटलुक. एखाद्या सोमवारी ते उघडतच नाही. दहाच्या आत क्लायंटला रिपोर्ट द्यायचाय, आयटीवाल्यांचा फोन एंगेज. शेजारच्या डेस्कवरून सल्ला येतो, 'अरे, स्लॅश सेफ टाकून बघ ना!' टाकलं, तर नवीच एरर! आपण ती न वाचताच 'ओके' दाबतो आणि खरी गोची तिथेच होते. गाडी नेमकी कुठे अडलीय, हे तोच मजकूर सांगत असतो.

आधी थोडं बेसिक. प्रोग्रॅमच्या नावापुढे जोडायची सूचना म्हणजे स्विच. कीबोर्डवर विंडोजचं बटण आणि 'आर' एकत्र दाबलं की रनची चौकट उघडते. तिथे 'आऊटलुक डॉट ईएक्सई', मग एक स्पेस आणि '/सेफ' लिहायचं (अर्थात इंग्रजी अक्षरांत). क्लासिक आऊटलुक मग अ‍ॅड-इन्सशिवाय सुरू होतं. असं नीट चाललं, तर दोष बहुधा एखाद्या अ‍ॅड-इनचा.

कमांडच ओळखता येत नाही
काळ्या कमांड प्रॉम्प्टमध्ये टाइप केलं की हे दिसू शकतं. घाबरू नका, आऊटलुक उडालेलं नाही. प्रॉम्प्ट ठरावीक फोल्डरांतच शोधतो आणि आऊटलुकचं फोल्डर त्या यादीत सहसा नसतं. रन मात्र रजिस्ट्रीतली नोंदही बघतं. म्हणून तीच ओळ तिथे चालते.

स्विच तपासा
म्हणजे प्रोग्रॅम सापडला, सूचना कळली नाही. स्पेलिंग बघा, स्लॅशच्या आधीची स्पेस बघा. फाइल जोडायला '/ए' वापरताय आणि फाइलच्या नावात किंवा पत्त्यात मोकळी जागा आहे? मग पूर्ण पत्ता दुहेरी अवतरणचिन्हांत हवा. नाहीतर 'फायनल रिपोर्ट'चं नाव 'फायनल'पाशीच संपलं, असं त्याला वाटतं. वर्डमधून कॉपी केलेली वळणदार चिन्हंही घोळ घालतात. ती हातानेच टाइप करा.

विंडो उघडता येत नाही
इथे अनेकदा डावीकडच्या फोल्डर-पट्टीची सेटिंग बिघडलेली असते. उपाय '/रीसेटनॅवपेन', सगळं सलग. यातला 'पेन' लिहायचा नाही, खिडकीच्या काचेचा! पट्टी नव्याने तयार होते. तिथे लावलेले फेव्हरिट्स जातात, पण मेल जागेवरच राहतात.

आधीच चालू आहे, पण प्रतिसाद नाही
ही थंडरबर्डची खास तक्रार. विंडो बंद दिसते, पण प्रोग्रॅम मागे जिवंत असतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, थंडरबर्ड बंद करा, मग पुन्हा सुरू करा. तरी अडलं तर रनमध्ये 'थंडरबर्ड', स्पेस, '-सेफ-मोड'. इथे स्लॅश नाही, डॅश!

कॉपी-पेस्टचा मोह आवरा
नेटवर सापडलेला प्रत्येक स्विच निरुपद्रवी नसतो. '/क्लीनरूल्स' तुमचे मेल लावून ठेवणारे सगळे नियम पुसतो, तर '/क्लीनव्ह्यूज' तुम्ही बनवलेले व्ह्यूज घालवतो. आणि वैतागून प्रोफाइल तर डिलीट करूच नका. अकाउंट जुन्या पॉप पद्धतीचं असेल, तर मेल फक्त त्याच मशिनवर असू शकतात.

डेडलाइन डोक्यावर असेल, तर ब्राऊझरमधून ऑफिसच्या वेबमेलवर लॉगिन करा आणि रिपोर्ट पाठवून मोकळे व्हा. दुरुस्ती नंतर. आयटीला कळवताना 'मेल चालत नाहीये' एवढंच लिहू नका. एररचा स्क्रीनशॉट आणि टाइप केलेली ओळ जशीच्या तशी पाठवा. 'रीस्टार्ट करून बघितलं का?' हा प्रश्न तरी येणारच, पण पुढचं काम झटपट होईल.