अंगरखा धुऊन सोमवारी आणायचा

जपानमधल्या प्राथमिक शाळेत जेवणाची वेळ झाली की वर्गातली काही मुलं हात धुऊन पांढरे अंगरखे, टोप्या आणि मास्क चढवतात. मग सूपचं पातेलं, भाताचं भांडं, ताटल्या आणि दूध वर्गात आणतात. तोवर बाकीच्यांनी बाकं जोडलेली असतात. आणणारी मुलंच वाढपी. इतर जण ट्रे घेऊन रांगेत उभे राहतात. सगळ्यांचं वाढून होईपर्यंत कुणी घास घेत नाही. शिक्षकही तिथेच, तेच जेवतात.

या शालेय जेवणाला ‘क्यूशोकु’ म्हणतात. त्याचा कायदा 1954 सालचा आहे. वाढण्याची पाळी साधारण आठवडाभर एका गटाकडे असते. शुक्रवारी अंगरखा घरी न्यायचा, धुऊन, इस्त्री करून सोमवारी आणायचा आणि पुढच्या गटाला द्यायचा. मला या साऱ्या व्यवस्थेतला सर्वांत हुशारीचा भाग हाच वाटतो. अंगरखा विसरला तर छडी नाही की वहीत लाल शेरा नाही. पण ज्याची पाळी आहे तो मुलगा समोर अंगरख्याविना उभा असतो. चुकीची झळ कुणाला बसली हे सात वर्षांच्या पोरालाही दिसतं. (धुतं बहुधा आईच, हे कबूल. पण आठवण करायची ती मुलानं.)

वाढण्यातही असंच. सुरुवातीला हात सैल सुटला तर रांगेच्या शेवटी पातेलं खरवडावं लागतं. मग वाढप्यांना भरलेल्या ताटांकडे वळून थोडं थोडं परत मागावं लागतं. अंदाज चुकणं म्हणजे काय हे भागाकाराच्या उदाहरणापेक्षा इथे लवकर कळतं. शिक्षकाला ते आधीच दिसत असतं. त्यानं लगेच डाव हातात घेतला, तर मात्र शिकण्यासारखं काही उरत नाही.

जेवणानंतर बहुतेक शाळांत सफाई असते, साधारण पंधरा-वीस मिनिटं. शाळेत कर्मचारी असतात, पण वर्ग, जिने, व्हरांडे मुलंच झाडतात, फडक्यानं पुसतात. एप्रिलमध्ये पहिलीत आलेल्या मुलांना हे जमत नाही, म्हणून अनेक शाळांत सहावीची मुलं येऊन फडकं पिळायलाही शिकवतात. याशिवाय दिवसाचे पाळीकरी असतात. ते फळा पुसतात, तासाच्या आरंभी सर्वांना उभं करून नमस्कार करवतात, वर्गाच्या रोजवहीत दिवसाची नोंद लिहितात. गप्प बसणारं मूलही आपल्या पाळीला वर्गापुढे उभं राहतंच. आपल्याकडचा मॉनिटर वर्षभर एकच, बहुधा हुशार किंवा दांडगा, आणि त्याचं मुख्य काम बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहिणं. त्याला अधिकार मिळतो, जबाबदारी फारशी नाही.

ही सगळी कामं ‘तोक्कात्सु’ म्हणजे विशेष उपक्रमांत मोडतात. ती राष्ट्रीय अभ्यासक्रमात आहेत, पण त्यांना पाठ्यपुस्तक नाही आणि गुणही नाहीत. इजिप्तने 2018 मध्ये सुरू केलेल्या इजिप्शियन-जपानी शाळांत हीच पद्धत नेली.

याची दुसरी बाजूही आहे. ताट पूर्ण संपवण्याच्या सक्तीमुळे काही मुलांना जेवणाचीच धास्ती बसते, अशी टीका खुद्द जपानमध्ये होते. सगळा गट माझ्यामुळे अडला, ही जाणीव शिकवतेही आणि चिरडतेही.

आपल्या शाळेत हे करायचं तर आणखी एक अडथळा आहे. ‘मुलांना झाडू देऊ नका’ म्हणणारे सगळेच पालक आळस किंवा तोरा दाखवत नसतात. दलित मुलांनाच शौचालयं साफ करायला लावल्याच्या बातम्या या देशात पुन्हा पुन्हा आल्या आहेत. म्हणून पाळीपत्रक हजेरीपटाच्या क्रमानं लावावं, भिंतीवर सर्वांना दिसेल असं. सरपंचाचा मुलगा, शिक्षकाची मुलगी, पहिला नंबर, शेवटचा नंबर, कुणालाही सूट नको. मुलग्यांना बाकं आणि मुलींना केरसुणी अशी वाटणीही नको. एखाद्या दिवशी गुरुजींनीही खराटा घ्यावा. पोषण आहाराची खिचडी वाढायला मुलं बसवायची तर गरम पातेलं मोठ्यांनी आणून ठेवावं, पळी मात्र मुलांच्या हाती द्यावी. पहिल्या आठवड्यात सांडणार, हे धरूनच चालावं आणि पुसायचं फडकं मुलांचा हात पोचेल अशा खुंटीला अडकवावं.