कुत्रीच्या गर्भाशयातील पू : ओळख व उपचार

शेताची राखण करणारी अथवा मेंढरांच्या कळपाबरोबर फिरणारी कुत्री माज ओसरल्यावर महिना-दोन महिन्यांत सुस्त पडू लागली, भाकरीला तोंड लावीनाशी झाली, पाणी मात्र वारंवार पिऊ लागली, तर गर्भाशयात पू झाल्याची शंका घ्यावी. हा रोग बहुधा प्रौढ व उतारवयाच्या कुत्र्यांना, म्हणजे माद्यांना, जडतो.

माजानंतर गर्भ राहो वा न राहो, मादीच्या शरीरात गर्भधारणेस पोषक असे संप्रेरक सुमारे दोन महिने टिकून असते. त्यामुळे गर्भाशयाचे अस्तर जाड होऊन आत स्राव साचतो. माजाच्या काळात आत शिरलेले जंतू त्यावर वाढतात. त्यांचे विष रक्तात भिनून मूत्रपिंडास बाधा होते. तहान व लघवी वाढते ती यामुळेच.

गर्भाशयाचे मुख उघडे असल्यास दुर्गंधीयुक्त, पुवासारखा किंवा रक्तमिश्रित स्राव दिसतो. मादी तो सतत चाटून टाकते, म्हणून शेपटीखालचे केस व बसण्याची जागाही पाहावी. मुख बंद असल्यास बाहेर काहीच दिसत नाही, पोट मात्र वाढते. कुत्रीचा गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा असल्याने मालक तिला गाभण समजतो व पिलांची वाट पाहत बसतो. हीच चूक सर्वांत घातक होय. पू आत कोंडून गर्भाशय फुटल्यास मादी सहसा वाचत नाही. गाभण मादी सहसा खाते व हिंडते. रोगी मादी मलूल असते, ओकते. ताप नसला तरी रोग नाही असे मानू नये.

अशी मादी त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावी व माजाची तारीख सांगावी. सोनोग्राफी व रक्ततपासणीने निदान पक्के होते. सलाईन व प्रतिजैविके देऊन, शस्त्रक्रियेने बीजांडकोशासह गर्भाशय काढून टाकणे हाच खात्रीचा उपाय आहे. केवळ इंजेक्शनांवर भागेल, ही समजूत सोडावी. पैदाशीच्या तरुण मादीस, मुख उघडे असेल तर, गर्भाशय आकुंचित करणारी औषधे पशुवैद्य देऊ शकतात. परंतु रोग पुन्हा उलटण्याचा संभव राहतो. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या देऊ नयेत, पोटही दाबू नये. माज टाळण्यासाठी दिलेल्या संप्रेरकांच्या इंजेक्शनांनीही हा धोका वाढतो. पिले नको असल्यास लहानपणीच शस्त्रक्रिया करून घेणे इष्ट.

शस्त्रक्रियेनंतर मादीस कोरड्या, स्वच्छ जागी बांधावे व टाके चाटू देऊ नयेत. ते साधारणतः १० ते १४ दिवसांनी काढतात. तोवर तिला राखणीवर सोडू नये.