मागची गाडी शेपूट का हलवते?



गळिताचा हंगाम सुरू झाला, की उसाच्या दोन ट्रॉल्या ओढीत निघालेला ट्रॅक्टर रस्त्यावर हमखास भेटतो. पुढे ट्रॅक्टर सरळ चाललेला असतो आणि मागची ट्रॉली डावी-उजवीकडे झोके घेत असते. चालवणाऱ्याला याचा पत्ता उशिरा लागतो, कारण सारा प्रकार त्याच्या पाठीमागे घडतो. समोरून सायकलीवर येणाऱ्याला मात्र तो झोका पुरता दिसतो, आणि कधीकधी भोवतोही.

असे का व्हावे? ट्रॉली पुढच्या गाडीला एकाच पिनेने जोडलेली असते. त्या पिनेभोवती ती मोकळी फिरते. फिरली नाही तर वळणच घेता येणार नाही. खड्डा लागला, वाऱ्याचा झोत आला, की ती बाजूला सरते. चाके तिला पुन्हा ओळीत आणू पाहतात. वेग बेताचा असेल तर दोन-तीन झोक्यांत ती शांत होते. वेग वाढला, की प्रत्येक झोका विरायला अधिक वेळ लागतो, आणि एका मर्यादेनंतर तो विरण्याऐवजी वाढतच जातो.

ही मर्यादा कुठे येईल, हे पुष्कळसे भार कसा भरला यावर ठरते. आपल्या बैलगाडीवाल्याला हे कुणी शिकवावे लागत नाही. माल मागे जास्त झाला तर गाडी उलाळ होते, दांडी वर उचलते. पुढे जास्त झाला तर बैलांच्या मानेवर ओझे येते. म्हणून तो पोती आसावर ठेवतो आणि जुवावर किंचित भार राहू देतो. दोन चाकांच्या ट्रॉलीला हाच न्याय लागू आहे. उलाळ भरलेली ट्रॉली शेपूट हलवणारच.

युरोपात लोक मोटारीमागे चाकांवरचे छोटे घर ओढीत सहलीला जातात. त्याला कॅरव्हॅन म्हणतात. तिथे ठरलेला हिशेब असा, की कॅरव्हॅनच्या एकूण वजनाच्या सुमारे पाच ते सात टक्के भार जोडावर यावा. म्हणजे हजार किलोच्या घराचा पन्नास ते सत्तर किलो. शिवाय मोटार आणि जोड यांची जी मर्यादा कमी, ती पाळायची. यावर ते स्टॅबिलायझर नावाचे साधन बसवतात. एका प्रकारात पोलादी पट्टी आणि घर्षणाच्या चकत्या असतात. दुसऱ्यात जोडाच्या गोळ्याला दोन्ही बाजूंनी घर्षणाचे तुकडे घट्ट धरतात. मौज अशी, की साध्या जोडाला ग्रीस लावतात, पण या दुसऱ्या प्रकारात गोळा अगदी कोरडा ठेवावा लागतो. ग्रीस लागले की घर्षण गेले, आणि साधनाचा उपयोगही गेला.

पण हे साधन झोका फक्त दाबते. चुकीची भरणी दुरुस्त करीत नाही. उलट, सुरुवातीचे झोके दाबले गेल्याने चालवणारा बेफिकीर होतो, हा धोका मला अधिक वाटतो.

आपल्या साध्या ट्रॉलीला असे साधन नसते, तेव्हा भरणी आणि वेग यांवरच भिस्त. चार चाकी ट्रॉलीचा भार दांडीवर फारसा येत नाही. तिथे झिजलेली पिन, सैल हूक आणि दोन बाजूंच्या टायरांतली कमी-जास्त हवा तपासावी. ट्रॉली खालच्या हुकालाच जोडावी. वरच्या बाजूला जोडून ओढू गेल्यास ट्रॅक्टर पुढून उचलून मागे उलटतो. रस्त्यावर ब्रेकचे दोन्ही पेडल एकत्र अडकवावेत. उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाकावा. डिझेल वाचते म्हणून न्यूट्रलवर उतरणे म्हणजे ट्रॉलीच्या हाती ट्रॅक्टर देणे आहे, बरे का!

आणि झोका सुरू झालाच तर? स्टिअरिंग उलटसुलट फिरवू नये, वेग वाढवून ट्रॉली ताणू नये, एकदम ब्रेकही दाबू नये. स्टिअरिंग सरळ धरून अॅक्सिलरेटर हळूहळू सोडावा.

शिक्षक मंडळींना हे वर्गात दाखवता येईल. एका खेळण्यातल्या मोटारीला दोन चाकांची छोटी गाडी दोऱ्याने नव्हे, ताठ काडीने जोडा. काडी मोटारीच्या टोकाला मोकळी फिरली पाहिजे. उतरत्या फळीवरून सोडा आणि गाडीला बोटाने हलकी टिचकी मारा. आधी खडा आसाच्या किंचित पुढे ठेवून, मग पार मागे ठेवून. कोणत्या वेळी गाडी सरळ होते, ते मुलांनाच सांगू द्या.