जिलेटिनवर उमटलेले कबीर

नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये कित्येक दशके देशाची टपाल तिकिटे छापली गेली आहेत. पण छायाचित्रणाचा इतिहास सांगताना आपण अशा छापखान्यांपर्यंत जात नाही, चांदीच्या क्षारांपाशीच थांबतो. मला हा इतिहास अर्धाच वाटतो. चांदीने चित्र टिपले. पण ते लाखो हातांत पोचवले उजेडाने घट्ट होणाऱ्या पॉलिमरांनी, म्हणजे लांबलचक साखळ्यांसारख्या रेणूंच्या पदार्थांनी. १९४८ साली गांधीजींची तिकिटे फोटोग्रॅव्ह्युअर या छपाईच्या पद्धतीने छापून घेण्यासाठी स्वित्झर्लंडच्या छापखान्याकडे जावे लागले होते. १ ऑक्टोबर १९५२ ला कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब आणि रवींद्रनाथ यांची सहा तिकिटे निघाली, ती मात्र त्याच पद्धतीने नाशिकरोडला छापलेली.

त्या काळच्या फोटोग्रॅव्ह्युअरचा सारा जीव जिलेटिनच्या एका पातळ थरात असे. जिलेटिन गरम पाण्यात विरघळते. पण पोटॅशियम डायक्रोमेट मुरवून त्यावर प्रखर उजेड पाडला, की त्याचे लांबलचक रेणू एकमेकांत गुंततात आणि थर घट्ट होतो. या थरावर आधी बारीक जाळीतून आणि मग चित्राच्या पारदर्शक प्रतीतून उजेड देत. थर तांब्याच्या रुळावर चिकटवून कोमट पाण्याने धुतला, की घट्ट न झालेले जिलेटिन वाहून जाई. मग फेरिक क्लोराइड ओतत. थर पातळ तिथे तांबे खोल कोरले जाई, जाड तिथे उथळ. खोल खळग्यात शाई जास्त, म्हणून छटा गडद. कबीरांच्या चेहऱ्यावरची सावली म्हणजे अशा खळग्यांची खोली होय.

कोणी म्हणेल, जिलेटिन हे प्राण्यांच्या हाडा-कातड्यांतून मिळणारे. त्याला पॉलिमर कसे म्हणायचे? पण ते प्रथिन आहे, आणि प्रथिन हे निसर्गानेच घडवलेले पॉलिमर. पुढे प्रयोगशाळेतली पॉलिमरे आली, रसायन बदलले. उजेडाने थराची विरघळण्याची क्षमता बदलायची आणि विरघळणारा भाग धुऊन जायचा, हे तत्त्व तेच राहिले. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: आता सगळे संगणकावर होते. खरे आहे, फिल्म गेली. तरी पुठ्ठ्याच्या खोक्यांवर छापणाऱ्या फ्लेक्सो प्लेटा आजही अतिनील उजेडाने घट्ट होणाऱ्या पॉलिमरच्याच असतात, आणि त्या संगणकाच्या चिपवरची नक्षीही प्रकाशसंवेदी पॉलिमरच्या थरातूनच उतरते. घरच्या जुन्या संग्रहात १९५२ च्या त्या सहांपैकी एखादे तिकीट असेल, तर ते भिंगाखाली धरून पाहा. चेहऱ्यावर जाळीचे बारीक चौकोन दिसतील.